ट्रॅक्टर शेतकऱ्याचा, किल्ली कंपनीची

मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना आणि बदललेली आज्ञावली चालविण्याचा अधिकार या विषयावरील भाषणाचा मजकूर



चंदीगड शहराच्या दोन अंगांना सत्तरच्या दशकात ट्रॅक्टरचे दोन कारखाने उभे राहिले, आणि दोन्ही सार्वजनिक पैशातून उभे राहिले. हरियाणाच्या बाजूला पिंजोर येथे केंद्र सरकारच्या हिंदुस्थान मशीन टूल्सने १९७१ साली चेकोस्लोव्हाकियाच्या सहकार्याने झेटर जातीचे ट्रॅक्टर बनविण्यास प्रारंभ केला. पंजाबच्या बाजूला मोहाली येथे, पंजाब सरकारच्या औद्योगिक विकास महामंडळाने स्थापन केलेल्या पंजाब ट्रॅक्टर्स या कंपनीतून १९७४ साली 'स्वराज' बाहेर पडला. स्वराजचा आराखडा परदेशातून विकत आणलेला नव्हता. दुर्गापूरच्या केंद्रीय यांत्रिक अभियांत्रिकी संशोधन संस्थेतील भारतीय अभियंत्यांनी तो तयार केला होता, आणि चंद्रमोहन प्रभृती त्यांच्यातील काही जण तो घेऊन मोहालीस आले होते.

पुढे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. पंजाब सरकारने २००३ साली आपला हिस्सा परकीय गुंतवणूकदारांना विकला, २००७ साली कंपनी मुंबईच्या महिंद्र समूहाकडे गेली. पिंजोरचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय केंद्राने २०१६ साली घेतला. ती कहाणी स्वतंत्र आहे. आजच्या विषयाला त्यातील एकच गोष्ट हवी आहे, आणि ती म्हणजे या यंत्रांचे आणि ती वापरणाऱ्यांचे नाते.

ते ट्रॅक्टर पान्याने उघडत असत. इंजिनात काय आहे, पंपातून तेल किती सुटते, गिअर कोठे घासला आहे, हे गावच्या मिस्त्रीस डोळ्यांनी दिसे व बोटांनी कळे. पतियाळा जिल्ह्यातील नाभा आणि भादसों या गावांत पंजाबी कारागिरांनी कापणीमळणीच्या कम्बाइन यंत्रांचा जो उद्योग उभारला, तो अशाच उघड्या यंत्रांच्या जोरावर. परदेशी कम्बाइन पाहून, ते खोलून, त्याचे भाग आपल्या लेथवर ओतीव-घडीव करून, आणि तयार ट्रॅक्टरवरच कापणीचे पाते चढवून त्यांनी देशी कम्बाइन घडविले. आज ती यंत्रे गव्हाच्या हंगामात पंजाबातून निघून दूरदूरच्या राज्यांत फिरतात. पाण्याच्या पंपाचे डिझेल इंजिन लाकडी गाड्यावर बसवून केलेला 'पीटर रेहडा' हे त्याच कारागिरीचे अवखळ भावंड. वाहतूक खात्याला त्याचा जाच वाटतो आणि त्यात काही तथ्यही आहे. पण यांपैकी कोणत्याही मिस्त्रीने यंत्र बदलण्यासाठी मूळ कारखानदाराची परवानगी मागितली नव्हती, आणि ती मागावी असे कारखानदारालाही सुचले नव्हते. विकलेली वस्तू विकत घेणाऱ्याची झाली, एवढा साधा व्यवहार होता.

हा व्यवहार आता बदलत आहे. १ जानेवारी २०२३ पासून भारतात ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना धुराचे अधिक कडक निकष लागू झाले. निकष योग्यच आहेत. पंजाबच्या हवेला त्यांची गरज आहे. परंतु ते पाळण्यासाठी इंजिनात तेल सोडण्याचे काम यांत्रिक पंपाकडून काढून संगणकाकडे द्यावे लागले. बॉनेटखाली एक बंद पेटी आली. किती तेल, कोणत्या क्षणी, किती दाबाने, हे त्या पेटीतील आज्ञावली ठरविते. बिघाड झाला की फलकावर दिवा लागतो, आणि त्या दिव्याचा अर्थ सांगणारे निदानयंत्र कंपनीच्या अधिकृत केंद्रात असते. बहुसंख्य भारतीय ट्रॅक्टर अजून ५० अश्वशक्तीच्या खालचे आहेत, म्हणून हा प्रश्न गावोगाव पेटलेला नाही. त्यामुळेच तो आताच समजून घेतला पाहिजे.

आज्ञावली कोणाची, हा वाद मात्र ट्रॅक्टरपासून सुरू झाला नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये 'ग्नू' या प्रकल्पाची घोषणा केली आणि १९८५ साली मुक्त सॉफ्टवेअर प्रतिष्ठान स्थापन केले. सॉफ्टवेअर वापरणाऱ्यास ते कोणत्याही कामासाठी चालविता यावे, त्याची मूळ आज्ञावली वाचून त्यात बदल करता यावा, त्याच्या प्रती वाटता याव्यात आणि आपण केलेले बदलही इतरांना देता यावेत, ही त्यांची मागणी होती. इंग्रजीत 'फ्री' या एकाच शब्दाला मुक्त आणि फुकट असे दोन्ही अर्थ असल्याने तिकडे या चळवळीला चाळीस वर्षे खुलासे करीत बसावे लागले आहे. मराठीत मुक्त वेगळे आणि फुकट वेगळे. तेव्हा हा खुलासा येथे संपतो.

स्टॉलमन यांची खरी युक्ती कायद्याची होती. कार्यक्रम लिहिणाऱ्याला प्रताधिकार कायदा जी मक्तेदारी देतो, तीच मक्तेदारी त्यांनी उलटी वापरली. त्यांच्या सार्वजनिक परवान्याची अट अशी की ही आज्ञावली घ्या, बदला, विका, परंतु पुढच्याला देताना तिची मूळ प्रत आणि हेच सर्व अधिकारही द्या. १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीने हा परवाना जगभर पोहोचला, कारण फिनलंडच्या लायनस टॉर्व्हल्ड्स यांनी आपल्या 'लिनक्स' या आज्ञावलीच्या गाभ्याला तो स्वीकारला. आज दूरध्वनी, दूरचित्रवाणी संच, बँकांचे यंत्रगृह, अंतराळातील उपकरणे यांत लिनक्स आहे. ते लाखो हातांच्या सामूहिक श्रमातून निर्माण झाले आहे आणि त्यावर नफा मिळविणाऱ्यांत जगातील सर्वांत मोठ्या कंपन्या आहेत. सामूहिक श्रमाचा परवाना म्हणजे समाजवाद नव्हे. मुक्त सॉफ्टवेअरला क्रांतीचा पर्याय समजणाऱ्या भोळ्या उत्साहापासून सावध राहिलेले बरे. पण त्याला क्षुल्लक समजणेही तितकेच चुकीचे ठरेल.

१९९९ साली अमेरिकेत 'टिव्हो' नावाचे, दूरचित्रवाणीचे कार्यक्रम टिपून ठेवणारे यंत्र बाजारात आले. त्यात लिनक्स होते. परवान्याप्रमाणे कंपनीने मूळ आज्ञावली लोकांना दिली. ती वाचता येई, बदलता येई. बदललेली आज्ञावली यंत्रात घातली की मात्र यंत्र ती चालविण्यास नकार देई.

हे कसे घडते ते समजणे कठीण नाही. जमिनीच्या कागदावर जसा अधिकाऱ्याचा शिक्का लागतो, तशी कंपनी आपल्या आज्ञावलीवर गणिती सही करते. सही करण्याची गुप्त किल्ली कंपनीच्या तिजोरीत राहते. सही ओळखण्याची दुसरी, जाहीर किल्ली यंत्राच्या चिपमध्ये कायमची कोरलेली असते. कित्येकदा चिपमधील सूक्ष्म तारा जाळूनच ती उमटविली जाते, म्हणजे नंतर ती कोणालाही पुसता येत नाही. यंत्र सुरू होताना पहिले काम सही तपासण्याचे. आज्ञावलीत एका अक्षराचा फरक पडला तरी सही जुळत नाही आणि यंत्र पुढे जात नाही. कागदावर अधिकार शाबूत राहिला, यंत्रात तो मेला. कुळाला सातबारा मिळावा आणि बांधावर कुंपण घालून फाटकाची किल्ली जमीनदाराने ठेवावी, तसा हा प्रकार होता.

प्रतिष्ठानाने परवान्याची तिसरी आवृत्ती लिहावयास घेतली ती मुख्यतः हे कुलूप आणि सॉफ्टवेअरवरील पेटंटे यांच्या विरोधात. २००६ च्या जानेवारीत पहिला मसुदा निघाला आणि त्यावर जगभर सभा झाल्या. चौथी आंतरराष्ट्रीय परिषद त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बंगळूर येथे भरली होती. २९ जून २००७ रोजी अंतिम परवाना प्रसिद्ध झाला. त्यात यंत्र विकणाऱ्याने मूळ आज्ञावलीबरोबर, बदललेली आज्ञावली त्या यंत्रात बसवून चालविण्यासाठी लागणारी सर्व माहिती, किल्ल्यांसह, द्यावी, असे कलम आले.

टॉर्व्हल्ड्स यांना हे पटले नाही. त्यांचे म्हणणे असे की आज्ञावली लिहिणाऱ्याने आज्ञावलीपुरते बोलावे; यंत्र कसे घडवावे हा यंत्र घडविणाऱ्याचा प्रश्न, आणि ज्याला कुलूप आवडत नाही त्याने ते यंत्र विकत घेऊ नये. लिनक्सचा गाभा म्हणून आजही दुसऱ्याच आवृत्तीखाली आहे. या युक्तिवादात बाजारावरचा जो विश्वास आहे तो नवा नाही. बाजारात कुलूप नसलेले यंत्र मिळत असेल तोवर त्याला अर्थ आहे. सर्वच यंत्रांना कुलूप लागले की निवड उरते ती फक्त कुलपाच्या रंगाची.

पण तिसऱ्या आवृत्तीतही एक तडजोड आहे आणि आपल्या दृष्टीने ती फार महत्त्वाची आहे. पहिल्या मसुद्यांतील व्यापक अट मार्च २००७ च्या तिसऱ्या मसुद्यात आवळण्यात आली. किल्ली देण्याचे बंधन केवळ 'वापरकर्त्याच्या वस्तूं'पुरते ठेवले गेले, म्हणजे व्यक्तिगत, कौटुंबिक वा घरगुती वापराच्या वस्तू आणि घरात बसविण्यासाठी असलेली साधने. ज्या वस्तूचा एकमेव महत्त्वाचा वापर व्यावसायिक वा औद्योगिक आहे, तिला हे कलम लागू नाही. उद्योगातील ग्राहक आपले हित स्वतः पाहण्यास समर्थ आहेत आणि कुलपाची तक्रार मुख्यतः घरगुती वस्तूंतच आहे, असे समर्थन त्यावेळी करण्यात आले.

याचा अर्थ उघड आहे. करमणुकीच्या पेटीवर अधिकार मिळाला. लेथ, यंत्रमाग, रुग्णालयातील यंत्र आणि बहुधा ट्रॅक्टर यांवर तो मिळाला नाही. उपभोगाच्या साधनांत माणूस मालक ठरला, उत्पादनाच्या साधनांत नाही. 'उद्योगातील ग्राहक' म्हटले की परवाना लिहिणाऱ्या वकिलांच्या डोळ्यांपुढे मोठी कंपनी उभी राहिली असावी. संगरूरचा पाच एकरवाला किंवा कर्ज काढून ट्रॅक्टर घेणारा जालन्याचा शेतकरी त्यांच्या चित्रात नव्हता. तो घरगुती ग्राहकही नाही आणि आपले हित पाहणारे कायदा खातेही त्याच्याकडे नाही.

तो चित्रात आला असता तर काय दिसले असते, हे अमेरिकेतच दिसून आले. जॉन डिअर या ट्रॅक्टर कंपनीने २०१५ सालच्या सुमारास तेथील प्रताधिकार कार्यालयापुढे अशी भूमिका मांडली की ट्रॅक्टरमधील सॉफ्टवेअर शेतकऱ्याच्या मालकीचे होत नाही. वाहन चालेल तोवर ते चालविण्याचा एक गर्भित परवाना तेवढा त्याला मिळतो. ही कंपनी परकी खरी, पण दूरची नव्हे: पुण्याजवळ सणसवाडीला तिचा ट्रॅक्टर कारखाना आहे आणि चंदीगडहून फार लांब नसलेल्या सरहिंदला कम्बाइनचा. अमेरिकेच्या १९९८ सालच्या कायद्याने आज्ञावलीचे कुलूप तोडणे हाच गुन्हा ठरविला होता, मग हेतू काहीही असो. २०१५ साली ट्रॅक्टर दुरुस्तीला त्यातून सूट मिळाली, तरी निदानाची साधने कंपनीकडेच राहिली. हंगामाच्या तोंडावर अडलेले अमेरिकन शेतकरी पूर्व युरोपात फोडलेल्या आज्ञावल्या विकत घेत असल्याच्या बातम्या २०१७ साली आल्या. २०२२ साली युक्रेनच्या मेलितोपोल येथील विक्रेत्याकडून पळविलेली यंत्रे शेकडो मैलांवर चेचन्यात पोहोचली, तेव्हा ती दुरूनच बंद केली गेली असे वृत्त होते. चोराची फजिती झाली, ठीकच झाले. पण चोराचा ट्रॅक्टर ज्या हाताने बंद होतो, त्याच हाताने थकबाकीदाराचाही होऊ शकतो.

कोलोरॅडो राज्याने २०२३ साली शेतीयंत्रे दुरुस्त करण्याच्या अधिकाराचा कायदा केला आणि जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने दोन राज्यांसह या कंपनीवर खटला भरला. त्याआधी, मार्च २०२३ मध्ये, न्यूयॉर्कच्या 'सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्व्हन्सी' या संस्थेने वेगळ्याच बाजूने हल्ला केला होता. या ट्रॅक्टरांत सार्वजनिक परवान्याखालील आज्ञावल्या आहेत, तेव्हा परवान्याप्रमाणे त्यांची मूळ प्रत शेतकऱ्याला द्या, अशी जाहीर मागणी तिने केली. तिचा आधार १९९१ सालच्या दुसऱ्या आवृत्तीतच आहे. मूळ आज्ञावलीबरोबर तिची जुळणी आणि तिची स्थापना यांसाठी लागणाऱ्या आज्ञाही द्याव्या लागतात, असे शब्द त्यात पहिल्यापासून आहेत. स्थापना म्हणजे यंत्रात बसविणे. मग बसविता येऊ नये असे कुलूप घालणे या जुन्या परवान्यातही बसत नाही, असा हा अर्थ आहे. याच संस्थेच्या पाठिंब्याने जर्मनीत एका प्रोग्रॅमरने २०२३ साली राउटर बनविणाऱ्या कंपनीवर दावा लावला. निकालापूर्वीच कंपनीने स्थापनेच्या आज्ञा देऊन टाकल्या आणि न्यायालयाने खर्च तिच्यावर बसविला.

भारतातील कायदा या बाबतीत अमेरिकेपेक्षा पुष्कळ बरा आहे, आणि हे आपल्याकडील कार्यकर्त्यांना क्वचितच ठाऊक असते. संगणकाची आज्ञावली १९८४ च्या दुरुस्तीने प्रताधिकाराखाली आली. पण कायद्याच्या ५२ व्या कलमात नंतर अपवाद जोडले गेले. आज्ञावलीची कायदेशीर प्रत ज्याच्या ताब्यात आहे, त्याला ती ज्या कामासाठी दिली त्या कामाकरिता तिच्यात फेरफार करता येतो, ती कशी चालते याचे निरीक्षण व परीक्षण करता येते, आणि दुसऱ्या यंत्राशी जोडण्यास आवश्यक माहितीही काढता येते. २०१२ साली ६५-अ हे कलम आले आणि कुलूप तोडण्यास दोन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठरली. परंतु ती प्रताधिकाराचा भंग करण्याच्या हेतूने तोडले तर. कायद्याने मना न केलेल्या कामासाठी तोडले तर गुन्हा नाही. दुसऱ्याला त्या कामी मदत करणाऱ्याने मात्र त्या माणसाचे नाव, पत्ता व तपशील यांची पूर्ण नोंद ठेवावयाची आहे. म्हणजे ट्रॅक्टरची पेटी उघडून देणाऱ्या नाभ्याच्या मिस्त्रीकडे पान्याबरोबर एक नोंदवहीही हवी! हा तपशील शेतकरी संघटनांनी गावोगाव सांगण्यासारखा आहे. पेटंटाच्या बाबतीतही, डिसेंबर २००४ च्या वटहुकुमाने सॉफ्टवेअरला जी वाट उघडली होती, ती डाव्या पक्षांच्या आग्रहामुळे २००५ च्या कायद्यात बंद झाली.

तथापि कायद्याने परवानगी देणे आणि किल्ली हाती येणे या दोन गोष्टी आहेत. कुलूप तोडल्यास तुरुंग नाही, हे ठीक. पण गणिती कुलूप हातोड्याने तुटत नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या अधिकारासाठी समिती नेमली आणि पहिल्या चार क्षेत्रांत शेतीयंत्रांना स्थान दिले. कंपन्यांनी सुटे भाग व माहितीपुस्तिका द्याव्यात, एवढ्यावर ती चर्चा थांबता कामा नये. सुटा भाग मिळाला आणि नवा भाग ओळखण्यास पेटीने नकार दिला, तर त्या भागाचे काय करावयाचे?

यावर एक गंभीर आक्षेप घेतला जातो. जो तो आज्ञावली बदलू लागला तर धूर वाढेल, ब्रेक निकामी होतील, अपघात होतील. आक्षेप कंपन्या घेतात म्हणून तो खोटा ठरत नाही. पण वजनमापे निरीक्षक तराजूला मोहोर लावतो, कुलूप लावीत नाही. मोहोर तुटली तर दिसते, आणि तोडणारा जबाबदार ठरतो. तिसऱ्या परवान्यानेही हाच मार्ग धरला आहे: बदल करणाऱ्याला हमी वा सेवा देण्याचे बंधन कंपनीवर नाही, आणि बदलामुळे जाळ्याला बाधा येत असेल तर ते यंत्र जाळ्याबाहेर ठेवता येते. धूर तपासावयाचा तर तो नळीच्या तोंडाशी तपासावा.

हे कुलूप शेवटी चिपमध्ये घडते, आणि चिपचा विचार पुन्हा मोहालीला आणून सोडतो. स्वराज कारखान्याच्याच गावी भारत सरकारने १९७६ साली सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स ही कंपनी स्थापन केली. १९८४ साली उत्पादन सुरू झाले, फेब्रुवारी १९८९ मध्ये आगीने कारखाना उद्ध्वस्त केला, तो पुन्हा उभारण्यात आला. २००६ साली तो अंतराळ विभागाखाली प्रयोगशाळा झाला आणि २०२२ साली इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाकडे आला. येथे आजही १८० नॅनोमीटरच्या चिपा बनतात. जगाच्या मानाने हे तंत्र जुने आहे, पण ट्रॅक्टरचे इंजिन चालविणाऱ्या पेटीला याहून सूक्ष्म तंत्र लागतेच असे नाही. मद्रासच्या आयआयटीतील 'शक्ती' या प्रोसेसरची एक चिप २०१८ साली येथेच घडली, आणि त्याच घराण्यातील 'आयरिस' ही अंतराळासाठीची चिप येथेच बनून चालू झाल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर झाले.

शक्तीचा आराखडा खुला आहे. तो कोणालाही वाचता, बदलता व घडविता येतो; ज्या आज्ञासंचावर तो उभा आहे, तो बर्कले विद्यापीठात २०१० पासून विकसित झालेला खुला आज्ञासंच आहे. मात्र शक्तीला जो परवाना दिला आहे तो बर्कलेच्याच धर्तीचा, ढिला आहे. घेणाऱ्याने पुढच्याला तेच अधिकार द्यावेत अशी अट त्यात नाही. सार्वजनिक पैशातून झालेला हा आराखडा एखादी खासगी कंपनी उद्या घेऊन, त्यात आपली किल्ली जाळून, बंद पेटी म्हणून शेतकऱ्याला विकू शकते. परवाना तिला अडविणार नाही. दुर्गापूरच्या आराखड्याचे, तो ज्या कंपनीत रुजला तिच्यासह, पुढे जे झाले, त्याची येथे आठवण होते.

यासाठी तूर्त करता येण्याजोगे काम मोठे नाही, पण तातडीचे आहे. पंजाबात प्राथमिक सहकारी सोसायट्यांची यंत्रसेवा केंद्रे आहेत, महाराष्ट्रात गावोगाव अवजार बँका निघाल्या आहेत. एकटा शेतकरी कंपनीला अट घालू शकत नाही. दहा ट्रॅक्टर एकदम घेणारी संस्था घालू शकते. कोटेशन मागवितानाच तिने लेखी विचारावे: पेटीतील कोणत्या आज्ञावल्या सार्वजनिक परवान्याखाली आहेत, त्यांची मूळ प्रत व स्थापनेच्या आज्ञा कोठे मिळतील, निदानयंत्र संस्थेच्या मिस्त्रीला मिळेल काय, सुटा भाग बदलल्यावर पेटी तो स्वीकारण्यास कोणाची सही लागेल, आणि यंत्र दुरून बंद करण्याची सोय त्यात आहे काय. विक्रेत्याला यांतील बहुतेक प्रश्नांची उत्तरे माहीत नसतील. त्याने ती कंपनीकडून लेखी आणून द्यावीत, आणि आलेली उत्तरे, किंवा न आलेली, तालुक्याच्या किसान सभेच्या कचेरीत एका फाइलमध्ये लावून ठेवावीत.